फुली म्हणजे हो!

मुलगा दहावीला नव्वद टक्के गुण मिळवील अशी मला मुळीच आशा नव्हती, आणि म्हणूनच मी त्याला वचन देऊन बसलो. दशरथाने कैकेयीला वर दिले ते ऐन लढाईच्या धुमश्चक्रीत. त्या बिचाऱ्याला निदान तेवढी तरी सबब होती. मी मात्र रविवारी सकाळी आरामखुर्चीत पाय पसरून पेपर वाचत होतो. "नव्वद मिळव, मग काय हवं ते माग," असे मी पेपरातून डोके वर न काढता म्हणालो, आणि विसरून गेलो. २०१७ च्या जूनमध्ये निकाल लागला. एक्क्याण्णव टक्के आणि वर काही दशांश! इमारतीतल्या बाराही बिऱ्हाडांत पेढे वाटून झाले, आणि चिरंजीव हात मागे बांधून माझ्यासमोर उभे राहिले.

"बाबा, प्लेस्टेशन."

टीव्हीला जोडून खेळायची एक काळी पेटी. पोळपाटाहून थोडी मोठी आणि जवळजवळ तितकीच चपटी. तिला तीस हजारांच्या आसपास रुपये! "एवढ्यात अख्ख्या घराला रंग लागेल," असे सौभाग्यवती म्हणाल्या. ते खरेच होते. आमच्या भिंतींनी त्या वर्षी रंगाची आशा सोडली ती अजून सोडलेलीच आहे.

परंतु चिरंजीव तयारीनिशी आले होते. "बाबा, हा नुसता खेळ नाहीये. यात नेटफ्लिक्स दिसतं, यूट्यूब दिसतं, सिनेमाच्या डिस्क लागतात. आपला टीव्ही २०१२ चा. तो काही स्मार्ट नाही. ही पेटी जोडली की तो स्मार्ट होणार, म्हणजे नव्या टीव्हीचे पैसे वाचले! आणि आजीला तिची जुनी नाटकं हवी तेव्हा बघता येतील."

आजीचे नाव निघाले तिथेच मी खटला हरलो. वास्तविक आईने काहीच मागितले नव्हते. ती आतल्या खोलीत हरिपाठ वाचत होती, आणि आपल्या नावावर बाहेर तीस हजारांचा सौदा होत आहे याची तिला गंधवार्ताही नव्हती.

हा युक्तिवाद आमच्या चिरंजीवांच्याच सुपीक डोक्यातून निघाला, असे मी बरेच दिवस अभिमानाने समजत होतो. मग कळले की तो जगभर चालून चालून पार गुळगुळीत झालेला आहे. २००० सालच्या मार्चमध्ये सोनी कंपनीने जपानात प्लेस्टेशन-टू आणला, किंमत ३९,८०० येन. त्यात खेळाच्या तबकड्या चालत तशा सिनेमाच्या डीव्हीडीही चालत. ज्या घरात बापाला खेळ नको होता, त्या घरात तो 'डीव्हीडी लावायचे यंत्र' म्हणून शिरला आणि दिवाणखान्यात ठाण मांडून बसला. त्या एका पेटीचा खप पंधरा कोटींच्या वर गेला. पुढे २००६ साली प्लेस्टेशन-थ्री आला तो ब्लू-रे नावाची नवी तबकडी पोटात घेऊनच. तिच्या विरोधात तोशिबा कंपनीची एचडी डीव्हीडी उभी होती. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने माघार घेतली, आणि त्या विजयात या खेळाच्या पेटीचा मोठा वाटा होता. नवरदेवाबरोबर करवली यावी आणि साऱ्या मांडवात करवलीचाच दरारा पसरावा, तशातली ही गोष्ट.

त्यानंतर तबकड्यांचेच दिवस भरले. २००८ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या पेटीवर नेटफ्लिक्स तारेतून थेट दिसू लागले. वर्षभराने ते प्लेस्टेशन-थ्रीवर आले आणि २०१० मध्ये निन्टेन्डोच्या वीवर. गंमत अशी की या दुसऱ्या दोन पेट्यांवर ते बघायचे तर आधी एक तबकडी आत घालावी लागे. नेटफ्लिक्स ती वर्गणीदारांना टपालाने फुकट पाठवी. त्या तबकडीवर सिनेमा नसे. सिनेमा बघायची नुसती परवानगी असे! वर्षभरात ती गरज संपली. आमच्याकडे नेटफ्लिक्स आले ते २०१६ च्या जानेवारीत, त्यामुळे ही मौज आमच्या वाट्याला आली नाही. आमच्या पिढीने भाड्याने व्हीसीआर आणून एका रात्रीत तीन सिनेमे बघितले आहेत आणि सकाळी ते यंत्र मांडीवर घेऊन रिक्षातून परत केले आहे. तेव्हा पेटीत सिनेमा असतो हे मला पटवायला फार वेळ लागला नाही. खरी अडचण आईची होती.

आईने तीस वर्षे पालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवले. या पेटीबरोबर साधा रिमोट मिळत नाही. दोन्ही हातांत धरायचे, दोन शिंगांचे एक साधन मिळते. त्याला कंट्रोलर म्हणतात. उजव्या अंगठ्याखाली चार बटणे असतात: त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन. ती पाहून आई प्रथम खूष झाली. "हे तर बालवाडीचं दिसतंय," ती म्हणाली.

"आजी, हवं ते चित्र आलं ना, की फुली दाबायची," चिरंजीवांनी पहिला धडा दिला.

"फुली? फुली म्हणजे चूक."

"इथे फुली म्हणजे हो."

"मग नाही म्हणायचं असेल तर?"

"गोल."

आईने चष्मा काढून नातवाकडे पाहिले. "फुली म्हणजे हो आणि गोल म्हणजे नाही? कुठल्या शाळेत शिकतोस रे तू?"

ज्या बाईने आयुष्यात काही लाख फुल्या मारल्या, आणि त्यातली एकही शाबासकी म्हणून मारली नाही, तिच्या अंगठ्याला हे वळण लागायला दोन महिने लागले. महत्प्रयासाने एखादे नाटक शोधून काढावे, हर्षभराने गोल दाबावा आणि सगळेच पडद्यावरून नाहीसे व्हावे, हा दुपारचा नित्यक्रम झाला. "गेलं!" अशी हाक ऐकू आली की कॉलेजातून आलेला नातू चहाचा कप हातात घेऊन बाहेर येई.

पुढे एकदा मी या चार चिन्हांचे मूळ शोधून काढले. ती तेइयू गोतो नावाच्या जपानी गृहस्थाने योजलेली. १९९४ साली पहिला प्लेस्टेशन निघाला तेव्हाची ही गोष्ट. त्रिकोण म्हणजे बघण्याची दिशा, चौकोन म्हणजे कागद, गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही, असा त्याच्या मनातला अर्थ होता. जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात आणि चुकीला फुली. पेटी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिथल्या खेळांत हे सगळे उलटे झाले. फुली होकाराची ठरली. जपानात मात्र गोलच हो म्हणत राहिला, तो २०२० साली प्लेस्टेशन-फाइव्ह येईपर्यंत. त्या पेटीपासून जपान्यांनाही फुलीलाच हो म्हणावे लागले. हे सारे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पंचवीस वर्षं बरोबर असलेलं उत्तर बहुमतानं चूक ठरवलं म्हणायचं. माझ्या वर्गात नसतं चाललं."

त्या पेटीने आमच्या घरातल्या वेळापत्रकाची जी उलथापालथ केली तिचे वर्णन करायला स्वतंत्र लेख लागेल. फ्रिजवर एक कागद चिकटवण्यात आला. तीन ते पाच आजी. सहा ते साडेसात चिरंजीव. नऊनंतर सर्व मंडळी. माझे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते. पेटी एक, टीव्ही एक आणि मालक वेगवेगळे, म्हणजे भांडणे ठरलेलीच! पण कागदावर नसलेली एक गोष्ट हळूहळू घडू लागली. आईला नाटक शोधायचे तर पडद्यावरच्या अक्षरांतून एकेक अक्षर वेचावे लागे, आणि ते तिला जमत नसे. मग नातू पाच मिनिटांसाठी येऊन शेजारी टेके, अक्षरे वेची, नाटक लावी आणि पहिला अंक संपेपर्यंत तिथेच बसून राही. "हा माणूस घरजावई आहे का?" असे तो विचारी. "गप्प बस, कळेल," असे आई म्हणे. तिला हवी असलेली एक मराठी मालिका ज्या ॲपवर होती, ते ॲप आमच्या पेटीत उतरेना, तेव्हा त्याने ती आपल्या फोनवर लावून फोन तांब्याला टेकवून ठेवला, आणि दोघे डोक्याला डोके लावून बघत बसली.

उलट साडेसहाला आई त्याचा खेळ बघायला येई. फुटबॉल तिला कळे. परंतु ज्यात एखादा शिपाईगडी अंधारातून भिंतीच्या कडेकडेने सरपटत जातो तो खेळ तिला सिनेमाच वाटे. "अरे, हा माणूस मघापासून त्या एकाच भिंतीला धडका का देतोय?" ती विचारी. "आजी, तो मी आहे," असे चिरंजीव दातओठ खात सांगत.

२०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे बंद झाली, आणि ही पोळपाटाएवढी पेटीच आमचे थिएटर झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस दूरदर्शनने जुने 'रामायण' पुन्हा सुरू केले. ते मात्र केबलवर, म्हणजे टीव्हीच्या दुसऱ्या जोडणीवर. पेटीवरून केबलवर यायचे तर टीव्हीचा वेगळा रिमोट शोधून, त्यावर एक वेगळे बटण तीनदा दाबून, योग्य नावावर थांबावे लागे. आईने या उपद्व्यापाला 'गल्ली बदलणे' असे नाव दिले. "नऊ वाजायला आले, गल्ली बदल रे!" अशी आरोळी उठली की घरातले तिघेजण तीन रिमोट घेऊन धावत.

गल्ली बदलण्याचा हा जाच साऱ्या जगात असावा. कारण त्यावर उपाय काढण्याच्या नादात मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीचे हात पोळले आहेत. २१ मे २०१३ रोजी अमेरिकेत रेडमंड इथे, कंपनीच्या मुख्य ठाण्यात, एक्सबॉक्स वन या नव्या पेटीचे अनावरण झाले. केबलच्या डब्यातून निघणारी तार टीव्हीला न लावता आधी या पेटीत घालायची, आणि मग नुसते तोंडाने सांगायचे, की पेटी खेळावरून टीव्हीवर आणि टीव्हीवरून सिनेमावर उडी मारील, अशी ती योजना. मोठी सुंदर कल्पना होती! गल्लीच शिल्लक ठेवायची नाही! त्या दिवशी स्टीव्हन स्पीलबर्गसारख्या दिग्दर्शकाचे नाव घेऊन 'हेलो' या खेळावरची मालिकाही जाहीर झाली. परंतु समोर जगभरातले खेळणारे बसले होते. त्यांना खेळ बघायचे होते, आणि पाहावे तो टीव्हीचीच आरती चाललेली. त्यांनी त्या समारंभाची इतकी टर उडवली, की त्यात 'टीव्ही' हा शब्द किती वेळा आला हे एकापुढे एक जोडून लोक एकमेकांना दाखवू लागले. वर पेटीबरोबर कॅमेराही घ्यावाच लागे, त्यामुळे ती ४९९ डॉलरला पडे, आणि सोनीचा प्लेस्टेशन-फोर ३९९ ला. पुढे काय झाले ते सांगायलाच नको. प्लेस्टेशन-फोरचा खप अकरा कोटींच्या वर गेला. मायक्रोसॉफ्टने मालिका काढण्यासाठी उभारलेला स्टुडिओ २०१४ सालीच गुंडाळायचे ठरवले. 'हेलो' आली ती २०२२ मध्ये, आणि तीही दुसऱ्याच कंपनीच्या सेवेवर. २०२० च्या नव्या एक्सबॉक्समध्ये केबलची तार घालायचे ते भोकही उरले नाही. सोनीही काही फार शहाणी ठरली असे नव्हे. तिने २०१५ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन व्ह्यू या नावाने टीव्हीच्या वाहिन्याच विकायला काढल्या होत्या; २०२० च्या जानेवारीत ते दुकान बंद झाले. या सगळ्यांत निन्टेन्डोवाले मला धूर्त वाटतात. २०१७ सालचा त्यांचा स्विच नेटफ्लिक्सविनाच आला, आणि तरी तुफान खपला.

मला विशेष मौज वाटते ती अशी, की ही पेटी मुळात टीव्हीच्या कंटाळ्यातून जन्माला आलेली आहे. राल्फ बेअर नावाचा जर्मनीतून अमेरिकेत आलेला एक इंजिनिअर होता. टीव्हीचे तंत्र शिकलेला. १९६६ साली न्यू यॉर्कमध्ये बसची वाट पाहता पाहता त्याच्या मनात आले, की घरोघरी हे टीव्ही पडलेले आहेत, तर त्यांच्याकडे नुसते बघत बसण्यापलीकडे दुसरे काही करता येईल का? दुसऱ्या दिवशी त्याने चार पानी टिपण लिहून काढले. त्यातून १९७२ साली मॅग्नावॉक्स ओडिसी ही घरात खेळायची पहिली पेटी बाजारात आली. आणि त्याच १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले! म्हणजे टीव्हीवर बघण्याखेरीज काय करावे, हा प्रश्न तिकडे सुटला त्याच वर्षी आमच्या आईला टीव्ही बघायची पहिली संधी मिळाली. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती, परळच्या चाळीत राहत होती, आणि मजल्यावरच्या एकुलत्या एका टीव्हीसमोर सतरंजीवर जागा मिळावी म्हणून स्वयंपाक लवकर उरकत होती. दारात चपलांची एवढी रास पडे की परत जाताना आपली जोडी सापडत नसे, असे ती सांगते.

२०२३ च्या जुलैमध्ये चिरंजीव नोकरीसाठी बंगळुरूला गेले. आता ही पेटी त्यांच्याबरोबर जाईल आणि टीव्हीच्या पाठीला खोचायची एखादी बोटाएवढी कांडी आणून आपण मोकळे होऊ, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबाला शास्त्राचा आधार होता. मी आईसमोर कागदच मांडला. कांडीला जेमतेम चार-पाच वॅट वीज लागते. हीच नाटके दाखवायला ही पेटी पन्नासच्या आसपास खाते. "छताचा पंखा पंच्याहत्तर वॅटचा असतो, आई. म्हणजे तू नाटक बघतेस तेव्हा डोक्यावर एक पंखा आणि समोर पाऊण पंखा!" आई म्हणाली, "मला फुलीची सवय झालीय आता. पुन्हा नवीन शाळा नको."

चिरंजीवही म्हणाले, "पेटी आजीला राहू दे. मी तिकडे नवी घेईन." आणि तिसऱ्या पगारात त्यांनी प्लेस्टेशन-फाइव्ह घेतलाही. त्यासाठी त्यांना कोणाचे वचन लागले नाही, याचे मला थोडे वाईटच वाटले.

जाण्यापूर्वी मात्र त्याने एक काम केले. तोवर सगळे घर त्याच्याच खात्यातून नाटके बघत होते. त्याने आजीच्या नावाने निराळे खाते काढले आणि ते आपल्या मित्रांच्या यादीत घातले. त्या यादीत कॉलेजातली सारी टारगट पोरे होती, तऱ्हेतऱ्हेच्या राक्षसी नावांची. आणि त्यांच्यात आमची आई! पेटी सुरू केली की पडद्यावर दोन चित्रे येत: एक चिलखत घातलेला योद्धा, आणि शेजारी आजी. आई स्वतःच्या चित्रावर जाऊन ठणठणीत फुली दाबी. आता अक्षरे वेचायची गरज उरली नव्हती. यूट्यूब आपणहून एकापाठोपाठ एक नाटक पुढे करी. "गेलं!" ही हाकही बंद झाली. घर फार शांत झाले.

२०२४ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. दिवाळी नुकतीच आटोपली होती. मी ऑफिसात होतो, सौभाग्यवती त्यांच्या ऑफिसात. दुपारी पावणेचारला बंगळुरूहून फोन आला.

"बाबा, आजी कुठे आहे?"

"घरी. आणखी कुठे असणार?"

"ती आली नाही आज."

"कुठे आली नाही?"

मग उलगडा झाला. त्या मित्रांच्या यादीत कोण या घटकेला पेटीवर आहे आणि कोण नाही, हे ज्याला त्याला आपल्या फोनवर दिसते. रोज दुपारी तीनच्या सुमारास आजीच्या नावापुढे ती आल्याची खूण उमटे. सव्वा वर्ष हा पोरगा कामाच्या गर्दीत चहाला उठला की ती खूण बघत होता, आणि आम्हा कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. "तीन वाजून गेले. फोन केला, उचलत नाहीये. चार वेळा केला."

"अरे, डोळा लागला असेल," मी म्हणालो.

"ती दुपारी झोपत नाही, बाबा. कोणाला तरी पाठवा ना."

माझ्याच आईबद्दल मला हजार किलोमीटरवरून कोणी काही सांगावे याचा क्षणभर राग आला, हे मी कबूल करतो. पण मी वरच्या मजल्यावरच्या काकूंना फोन केला. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. आई मोरीच्या दाराशी भिंतीला पाठ टेकून बसली होती. दोनच्या सुमारास पाय घसरला होता. उजवे मनगट सुजून वांग्यासारखे झाले होते, आणि उठायला आधार नव्हता. फोन बाहेरच्या खोलीत वाजत होता. "मला कळत होतं तो त्याचाच आहे म्हणून," ती नंतर म्हणाली. "एवढ्या चिकाटीनं दुसरं कोण करतंय?"

मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर.

माणसाने माणसावर असे यंत्रातून लक्ष ठेवावे, हे एरवी मला मुळीच पसंत नाही. कोणी केव्हा उठतो, केव्हा बसतो, काय बघतो, हे दुसऱ्याला कळवणारी यंत्रे घरात घेऊन आपण काय कमावतो आहोत, यावर मी एरवी तासभर बोललो असतो. ऑफिसातले सहकारी सांगतील, अनेकदा बोललोही आहे. त्या आठवड्यात मात्र कोणी विचारले असते तर मला काही बोलता आले नसते.

मी रजा काढली. उजवा हात गळ्यात अडकवलेल्या माणसाला तो दोन शिंगांचा कंट्रोलर धरता येत नाही. तेव्हा दुपारी तीन वाजता मी आईशेजारी बसलो आणि सात वर्षांत पहिल्यांदा ते साधन हातात घेतले. मला काही म्हणता काही येईना. आई डाव्या हाताच्या बोटाने दाखवी. "वर जा. आता उजवीकडे. अरे, त्रिकोण नको! फुली!" चौथीच्या वर्गात ती मला शिकवायला नव्हती, त्याची भरपाई त्या सहा आठवड्यांत झाली. एका संध्याकाळी नाटक ऐन रंगात असताना पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर एक अक्षरांची पट्टी येऊन गेली. मला वाटले, माझ्याच हातून काही बिघडले.

"काही नाही, तो आला," आई म्हणाली. "जेवून खेळायला बसला असेल." आणि पुढे नाटक बघू लागली. म्हणजे खूण दोन्हीकडून दिसत होती तर!

जानेवारीत प्लास्टर निघाले. फिजिओथेरपीवाल्यांनी आईला बोटांचे व्यायाम सांगितले, त्यांत तिने कंट्रोलर स्वतःच्या अधिकारात घातला.

परवाच्या एप्रिलमध्ये एका दुपारी मी लवकर घरी आलो. बाहेर ऊन मी म्हणत होते. टीव्हीवर नाटक चालू होते, पात्रे मोठमोठ्याने भांडत होती, आणि समोर कोणीच नव्हते. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती.

"आई, पेटी चालू राहिलीय बाहेर."

"असू दे."

"अगं, पण तू बघत नाहीयेस ना?"

"मी नाही बघत. तो बघतो ना. साडेतीनला चहाला उठतो."

"पन्नास वॅट जातात, आई," मी सवयीने बोलून गेलो.

आईने हातातली जुडी खाली ठेवली, उठली, भिंतीशी गेली आणि स्वयंपाकघरातल्या पंख्याचे बटण बंद केले. "पंच्याहत्तरचा ना हा?" ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला बसली.

थोड्या वेळाने मी जाऊन पंखा पुन्हा लावला.